घराचा दलाल आणि त्याचा शब्द

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबास आयुष्यात एकदा तरी, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबास तर दर दोन-तीन वर्षांनी, ज्याच्या दारी जावेच लागते असा एक गृहस्थ आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेर पडून चार पावले चालावे, म्हणजे त्याची कचेरी दृष्टीस पडते. आठ-दहा फुटांचा गाळा, आत एक टेबल व तीन खुर्च्या, भिंतीवर किल्ल्यांचे जुडगे टांगलेले, आणि दारात एक फळा. त्या फळ्यावर 'वन बीएचके भाड्याने', 'दुकान विकणे आहे', 'हेवी डिपॉझिट चालेल' अशा त्रोटक ओळी लिहिलेल्या असतात. या गृहस्थास कोणी इस्टेट एजंट म्हणतात, कोणी ब्रोकर म्हणतात. जुनी मंडळी सरळ दलाल म्हणतात. तो आपल्या गिऱ्हाइकांशी कसा बोलतो, त्याच्या बोलण्याचा अर्थ कसा लावावा, आणि त्या बोलण्यास कायद्याने कोणती बंधने घातली आहेत, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

शाळेच्या वार्षिकात या विषयाचे काय काम, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आईवडिलांबरोबर अशा कचेरीत बसले असतील. दलालाने भ्रमणध्वनीवर पाठविलेला इंग्रजी मजकूर आजीस किंवा आईस मराठीत समजावून सांगण्याचे काम बहुधा मुलांकडेच येते. शिवाय घर ही कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी होय. भाजी घेताना आपण दोन जुड्या उलटसुलट करून पाहतो. आणि वीस वर्षांची मिळकत ज्यात घालावयाची ते घर मात्र एका अनोळखी माणसाच्या शब्दावर पसंत करतो, यासारखे आश्चर्य नाही.

प्रथम 'दलाल' या शब्दाकडे वळू. हा शब्द मूळचा अरबी असून त्याच्या धातूत वाट दाखविणे असा भाव आहे. आज या शब्दास थोडा हीन रंग चढला आहे खरा. पण त्याचा मूळ अर्थ पाहता त्यात कमीपणा काहीच नाही. ज्यास घर हवे त्यास घर कोठे आहे ते ठाऊक नसते, आणि ज्याचे घर रिकामे आहे त्यास भाडेकरू कोठे आहे ते ठाऊक नसते. या दोघांमधील वाट जो दाखवितो तो दलाल. तो विटा रचीत नाही, सिमेंट विकीत नाही. त्याचा माल म्हणजे बातमी, आणि त्याचे भांडवल म्हणजे त्याचा शब्द. म्हणूनच तो शब्द खरा की खोटा यावर त्याच्या धंद्याची सारी किंमत अवलंबून राहते.

आमच्या उपनगरांत हा धंदा कसा वाढला तेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. इ.स. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, तेव्हा आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या बाजूस शेते, मिठागरे व लहान गावे होती. इ.स. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीच्या शहरातून बाहेर पडण्याची इच्छा लोकांत बळावली. मुलुंड येथे इ.स. १९२२ च्या सुमारास आखीव रस्त्यांचे गाव वसविण्याचा घाट घातला गेला, आणि इ.स. १९२५ नंतरच्या पाच-सहा वर्षांत विजेच्या गाड्या धावू लागल्यावर दूर राहून शहरात नोकरी करणे सुलभ झाले. पुढे इ.स. १९५० साली अंधेरी व घाटकोपर, आणि इ.स. १९५७ साली बोरिवली व मुलुंड, ही ठिकाणे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. गाव लहान होते तोवर रिकामी खोली कोणाकडे आहे हे शेजारीपाजारी सांगत. वस्ती अफाट वाढली, शेजारी शेजाऱ्यास ओळखीनासा झाला, आणि बातमी सांगणे हाच एक व्यवसाय होऊन बसला.

त्यातच इ.स. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडे इ.स. १९४० च्या सप्टेंबरातील पातळीच्या आसपास जखडून टाकले. भाडेकरूंचे रक्षण व्हावे हा त्या कायद्याचा हेतु होता व तो पुष्कळ अंशी सफलही झाला. परंतु उघड भाडे वाढविता येईना, तेव्हा गुप्तपणे एकरकमी 'पागडी' घेण्याची चाल फोफावली. या रकमेची पावती मिळत नसे. घरमालक तोंडाने काही बोलत नसे. जे काय सांगावयाचे ते दलाल कानाशी लागून सांगे. मुंबईच्या घरव्यवहारात जे कुजबुजीचे वळण शिरले, त्याचे एक मोठे कारण हे होय. पुढे इ.स. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेण्यास कायदेशीर मान्यता दिली. पण कानगोष्टीची सवय इतक्या लवकर कशी जावी? आजही 'कागदावर हे लिहू नका, माझा शब्द आहे' असे सांगणारे दलाल भेटतात, आणि त्यावर समाधान मानणारी गिऱ्हाइकेही भेटतात.

आता दलाल गिऱ्हाइकाशी कसा बोलतो ते क्रमाने पाहू. पहिली भेट चौकशीची. किती खोल्या हव्यात, पैसा किती, कुटुंबात माणसे किती, नोकरी कोठे, कधी राहावयास यावयाचे, असे प्रश्न तो विचारतो. चांगला दलाल या वेळी बोलतो थोडे व ऐकतो फार. ज्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांना तो उद्वाहनाविना चौथा मजला दाखवीत नाही. ज्यांची मुले शाळेत जाणारी आहेत त्यांना शाळा किती दूर हे न विचारता सांगतो. सामान्य दलाल मात्र ऐकून न घेता हाती असलेली पाच घरे एकामागून एक दाखवीत सुटतो, आणि दिवस फुकट गेल्यावर गिऱ्हाइकासच चोखंदळ ठरवितो.

दुसरी पायरी घर दाखविण्याची. येथे दलालाची एक विशिष्ट भाषा सुरू होते व ती समजून घेतल्याविना गत्यंतर नाही. गिऱ्हाइकास तो 'पार्टी' म्हणतो आणि मालकास 'ओनर' म्हणतो. 'वन आरके' म्हणजे एक खोली व स्वयंपाकघर. 'वन बीएचके' म्हणजे एक शयनगृह, एक दिवाणखाना व स्वयंपाकघर. 'हेवी डिपॉझिट' म्हणजे मोठी रक्कम मालकाकडे ठेवावयाची व त्या बदल्यात मासिक भाडे नाही, किंवा नाममात्र. ही नावे निरुपद्रवी आहेत. परंतु क्षेत्रफळाची जी नावे आहेत त्यांत भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

घराच्या आत ज्या जमिनीवर आपण चटई अंथरू शकतो ते 'कारपेट' क्षेत्र. त्यात भिंतींची जाडी व सज्जे मिळविले म्हणजे 'बिल्ट-अप' होते. त्यावर जिना, उद्वाहन, प्रवेशदालन इत्यादि सामाईक जागेचा वाटा चढविला म्हणजे 'सुपर बिल्ट-अप'. हा जो वाटा चढवितात त्यास धंद्यात 'लोडिंग' म्हणतात. समजा, दलाल म्हणाला की ६०० चौरस फुटांचे घर आहे व भाव चौरस फुटास २०,००० रुपये. किंमत झाली १ कोटी २० लाख. पण ते ६०० फूट सुपर बिल्ट-अप असतील आणि लोडिंग शेकडा ४० असेल, तर ६०० ला १.४ ने भागावयाचे. प्रत्यक्ष वापरावयाची जागा सुमारे ४२९ चौरस फूटच निघते. म्हणजे पायाखालच्या प्रत्येक फुटास खरा भाव २०,००० नव्हे, तर सुमारे २८,००० पडला. दलाल येथे खोटे बोलला काय? नाही, त्याने आकडा खरा सांगितला व नाव मात्र सांगितले नाही. अर्धवट सांगण्याची ही कला खोटे बोलण्याहून अधिक अवघड व अधिक घातक असते.

इ.स. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्यास सर्वत्र 'रेरा' म्हणतात, कारपेट क्षेत्राची व्याख्याच ठरवून टाकली आहे. बाहेरील भिंती, नळ-वाहिन्यांच्या पोकळ्या, त्या घराचा स्वतंत्र सज्जा व उघडी गच्ची ही वगळावयाची. आतील आडभिंती मात्र धरावयाच्या. नव्या इमारतीतील घर विकताना हेच क्षेत्र सांगितले पाहिजे. जुन्या घराच्या फेरविक्रीत मात्र निरनिराळी मापे अजूनही तोंडी चालतात. यावर सोपा उपाय असा की घर पाहावयास जाताना एक मापाची फीत बरोबर न्यावी. आमच्या विद्यार्थ्यांस लांबी-रुंदीचा गुणाकार येतोच. त्यांनी प्रत्येक खोली मापून बेरीज करावी. भूमितीच्या तासाचा इतका रोकडा उपयोग दुसरा सापडणार नाही.

'स्टेशनपासून पाच मिनिटे' हे असेच दुसरे वाक्य. सामान्य मनुष्य मिनिटास सुमारे ८० मीटर चालतो. तेव्हा पाच मिनिटांत ४०० मीटर होतात. दलालाची पाच मिनिटे कित्येकदा रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्याने रिक्षातून मोजलेली असतात. शिवाय कोणते स्टेशन? इ.स. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून 'स्टेशन' या एका शब्दाने लोकलचे स्टेशन सांगितले की मेट्रोचे, हेही विचारावे लागते. तसेच बोरिवलीस 'डोंगराचा देखावा' असलेले घर दाखवितात, तेव्हा समोरच्या रिकाम्या जागेवर उद्या काय उभे राहणार आहे हे विचारावे. अंधेरी व घाटकोपर या भागांत विमानांच्या मार्गामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा पडतात. तेथे 'जुनी इमारत पाडून लवकरच टोलेजंग इमारत होणार' असे आश्वासन कोणी देऊ लागल्यास त्याचा आधार मागावा.

तिसरी पायरी घासाघिशीची. येथे दलाल दोन्ही पक्षांमध्ये ये-जा करतो, आणि प्रत्येकास दुसऱ्याचा निरोप आपल्या शब्दांत सांगतो. 'साहेब, ओनर एक रुपया सोडावयास तयार नाही', 'ताई, दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येते आहे', ही वाक्ये ज्याने उपनगरात घर शोधले त्याने ऐकली नाहीत असे होणार नाही. दुसरी पार्टी कधी खरी असते, कधी नसते. ती आहे की नाही हे शोधण्याच्या भरीस पडू नये. संध्याकाळपर्यंत कागद पाहून होत नसतील, तर संध्याकाळपर्यंत पैसे द्यावयाचे नाहीत, एवढा नियम केला म्हणजे पुरे.

येथे आमच्या माहितीतील एका कुटुंबाची हकीकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. घाटकोपरच्या एका चाळीत तीन पिढ्या काढल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने दोन खोल्यांचे घर पाहिले. घर हवेशीर, भाव परवडण्याजोगा. सर्व मंडळी पाहत असता त्यांच्या आठवीतील मुलीने दलालास विचारले, 'काका, या इमारतीला ओसी मिळाली आहे का?' हा शब्द तिने कोठेतरी वाचला होता. दलाल हसला व म्हणाला, 'बेटा, सगळे कागद जवळजवळ तयार आहेत.' आईने मुलीस 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' म्हणून गप्प केले. त्याच संध्याकाळी एक लक्ष रुपये टोकन म्हणून दिले गेले; पावतीवर रक्कम व तारीख यांखेरीज एक अक्षर नव्हते. पुढे कर्जासाठी बँकेत गेल्यावर कळले की इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तीच ओसी, मिळालेली नाही, व त्यामुळे बँक कर्ज देणार नाही. मालक म्हणे, व्यवहार तुम्ही मोडला, टोकन परत नाही. दलाल म्हणे, मी 'जवळजवळ' म्हणालो होतो. आठ महिने हेलपाटे घातल्यावर अर्धी रक्कम परत आली. उरलेल्या अर्ध्या रकमेपेक्षा त्या माउलीस दुसरीच गोष्ट अधिक लागली. ती आम्हांस म्हणाली, 'घरात एकच माणूस बरोबर प्रश्न विचारीत होते, आणि त्यालाच आम्ही गप्प बसविले.'

या हकीकतीत चूक कोणाची हे ठरविण्यापूर्वी दलालाचे कायद्यातील स्थान काय ते पाहू. इ.स. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंट व त्यास काम सोपविणारा यांच्या संबंधाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यातील २१४ वे कलम फार मनोवेधक आहे. अडचणीचा प्रसंग आल्यास एजंटाने काम सोपविणाऱ्याशी संपर्क साधण्याची व त्याची आज्ञा घेण्याची योग्य ती सर्व खटपट केली पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे गिऱ्हाइकास वेळेवर कळविणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, ते कायद्याने लादलेले कर्तव्य आहे. २१३ व्या कलमाने मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे. २१५ व्या कलमाप्रमाणे एजंटाने काम सोपविणाऱ्यास न कळविता त्याच कामात स्वतःचा व्यवहार केला व महत्त्वाची गोष्ट लपविली, तर काम सोपविणारा तो व्यवहार झिडकारू शकतो. आणि २२० वे कलम म्हणते की कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटास त्या भागाची दलाली मागण्याचा हक्क नाही. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही कलमे आजही लागू आहेत.

परंतु येथे एक मेख आहे. हा दलाल कोणाचा? मुंबईत भाड्याच्या घरासाठी बहुधा एका महिन्याचे भाडे, आणि विक्रीत शेकडा एक ते दोन, अशी दलाली घेण्याचा प्रघात आहे. आणि कित्येक व्यवहारांत एकच दलाल ती दोन्ही बाजूंकडून घेतो. ज्यास दोन्हीकडून घ्यावयाचे आहे तो एकाच्या बाजूने जीव तोडून भांडणार कसा? यात त्याचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ही गोष्ट त्याने आरंभीच उघड सांगितली पाहिजे. तेव्हा पहिल्याच भेटीत नम्रपणे विचारावे, 'आपण मालकाचे काम करता, आमचे करता, की दोघांचे? आणि आपली दलाली किती व कधी द्यावयाची?' प्रामाणिक मनुष्य या प्रश्नाने रागावत नाही.

नव्या इमारतींच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला आहे. इमारत बांधणाऱ्याने घर घेणाऱ्यापासून माहिती लपवू नये व करार लेखी करावा, हे तत्त्व महाराष्ट्राने इ.स. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातच घातले होते. रेरा कायदा इ.स. २०१७ च्या १ मे पासून पूर्णपणे अमलात आला, व त्याने दलालासही हिशेबात धरले. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरील व आठांहून अधिक घरांचा नवा प्रकल्प नोंदविलेला असल्याविना विकता येत नाही. अशा प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या दलालाने स्वतःचीही नोंद केली पाहिजे, व प्रत्येक विक्रीत आपला नोंदणी क्रमांक लिहिला पाहिजे. नोंद न करता धंदा केल्यास दिवसास १०,००० रुपये, व एकूण त्या घराच्या किमतीच्या शेकडा पाचपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे १० वे कलम दलालाच्या जिभेसच लगाम घालते. तोंडी असो, लेखी असो, वा चित्ररूपाने असो, घराच्या दर्जाविषयी खोटे विधान करावयाचे नाही. ज्या सोयी मिळणार नाहीत त्यांची जाहिरात करावयाची नाही. आणि घर आरक्षित करण्याच्या वेळी गिऱ्हाइकास ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्क आहे ती मिळवून द्यावयाची. तसेच, लेखी करार नोंदविल्याविना इमारत बांधणाऱ्याने किमतीच्या शेकडा दहाहून अधिक रक्कम घेऊ नये, असे १३ वे कलम बजावते. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी 'महारेरा' ही संस्था करते. तिने इ.स. २०२३ साली दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सुरू केली, आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीत एक चौकोनी सांकेतिक चित्र, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, छापणे सक्तीचे केले. भ्रमणध्वनी त्या चित्रासमोर धरला की प्रकल्पाची नोंदलेली सर्व माहिती समोर येते. हे काम आमचा पाचवीतील विद्यार्थीही चुटकीसरशी करील.

जुन्या घराची फेरविक्री व भाड्याचे घर यांस मात्र रेराची ही दलाल-नोंदणी लागू नाही. म्हणजे फळा लावून बसलेल्या ज्या दलालाशी सामान्य कुटुंबाचा नित्य संबंध येतो, त्याच्याशी वागताना आपली सावधगिरी हाच मुख्य आधार. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही', असे काही दलाल बिनदिक्कत सांगतात. याचे मूळ इ.स. १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी आवश्यक केली, म्हणून लोक अकरा महिने लिहू लागले. परंतु महाराष्ट्रात इ.स. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने असा प्रत्येक करार, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, लेखी व नोंदलेला असला पाहिजे असे ठरविले आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तेव्हा नोंदणीमुळे दोघांचेही हित होते, हे घरमालकांनीही ध्यानात घ्यावे.

त्याचप्रमाणे म्हाडाची घरे. अंधेरीचे डी. एन. नगर, घाटकोपरचे पंतनगर अशा म्हाडाच्या वसाहती आमच्या वाचकांस परिचित आहेत. या मंडळाची घरे सोडतीने मिळतात, व आपण या कामी कोणीही दलाल नेमलेला नाही असे मंडळ वारंवार जाहीर करीत असते. असे असता 'आत ओळख आहे, घर मिळवून देतो' असे जो सांगतो, तो वाट दाखविणारा नसून वाट चुकविणारा आहे असे खुशाल समजावे.

आता दलालाचीही बाजू ऐकली पाहिजे. एरवी आमचे लिखाण एकांगी होईल. दलाल पहिल्याच निरोपात घराचा क्रमांक व मालकाचे नाव का सांगत नाही? कारण कित्येक सभ्य म्हणविणारी गिऱ्हाइके त्याच्याबरोबर दहा घरे पाहतात, त्याचा दिवस व रिक्षाचे भाडे खर्चवितात, आणि मग परस्पर मालकास गाठून दलाली बुडवितात. कित्येकजण आपल्यापाशी पैसा किती आहे हे चोरून ठेवतात, आणि मग मनाजोगते घर दाखवीत नाही म्हणून त्यास दोष देतात. काही मालक व गृहसंस्था भाषा, धर्म, आहार यांवरून माणसांस नकार देतात, आणि तो अप्रिय नकार पोहोचविण्याचे काम दलालाच्या गळ्यात घालतात. इ.स. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंड येथे एका मराठी भगिनीस मराठी असल्याच्या कारणावरून कचेरीसाठी जागा नाकारण्यात आली, तेव्हा राज्यभर गहजब उडाला. अशा प्रसंगी जो दलाल तो अन्याय निमूटपणे पोहोचवितो तोही त्यात थोडा वाटेकरी होतो. पण नकार प्रथम उच्चारणारा दुसराच असतो, हे विसरू नये. संवाद चोख हवा असेल तर तो दोन्ही बाजूंनी चोख असावा लागतो.

आणि चोख बोलणारे दलाल नाहीत असे नाही. मुलुंडच्या एका वृद्ध दलालांनी आमच्या एका स्नेह्यांस घर दाखविताना एका भिंतीवर हात ठेवून म्हटले, 'भाऊ, रंग नवा आहे, पण या भिंतीतून पावसाळ्यात पाणी येते. जुलैत एकदा येऊन पाहा, मग ठरवा.' स्नेह्यांनी ते घर घेतले नाही. दलालांची तेवढी दलाली बुडाली. परंतु पुढे त्यांनी घर घेतले ते त्यांच्याच मार्फत, आणि त्यानंतर त्यांच्या भावाने व दोन सहकाऱ्यांनीही त्यांचेच दार ठोठावले. त्या गृहस्थांच्या कचेरीत फळा नाही. त्यांस तो लावण्याची गरज उरली नाही.

एवंच, आमचे सांगणे थोडक्यात असे. दलालाचा शब्द ऐकावा, मानावा, पण पैसे देण्यापूर्वी तो कागदावर उतरवून घ्यावा. क्षेत्रफळ सांगितले, तर कोणते ते लिहावे. टोकन दिले, तर कोणत्या घराचे, एकूण किंमत किती, आणि कर्ज न मिळाल्यास किंवा कागद सदोष निघाल्यास ते किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर असावे, व त्यावर मालकाची सही असावी. मिळकत पत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या खरेदीचा नोंदलेला दस्त व त्याची सूची क्रमांक दोन, गृहसंस्थेचे भाग प्रमाणपत्र व थकबाकी नसल्याचा दाखला, एवढे कागद स्वतः पाहावे व जाणत्या वकिलास दाखवावे. भेट झाल्यावर त्याच रात्री 'आज आपले असे बोलणे झाले' असा चार ओळींचा निरोप दलालास पाठवावा. चूक असेल तर तो दुरुस्त करील, नसेल तर तीच एक नोंद होऊन राहील. यात अविश्वास नाही. शाळेत तोंडी पाठ झाल्यावरही आम्ही लेखी परीक्षा घेतोच. त्यामुळे विद्यार्थ्याचा अपमान होत नाही.

आणि पालकांस एक विनंती. घर पाहावयास जाताना मुलांस बरोबर न्यावे, त्यांच्या हाती मापाची फीत द्यावी, आणि त्यांनी मध्येच एखादा प्रश्न विचारला तर त्यांस गप्प न करता, उत्तर काय येते ते स्वतःही लक्ष देऊन ऐकावे. उत्तरात 'जवळजवळ' हा शब्द आला, तर पैशाची पिशवी तूर्त बंदच ठेवावी. अस्तु.